ए-११५ मध्ये टाइपरायटर

विजेवरची डबल डेकर मुंबईत येणार ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हादरे. जुन्या डिझेलच्या डबल डेकरनं मी पुष्कळ फिरले आहे. बस सिग्नलला नुसती उभी असली तरी खिडक्या थडथडायच्या, समोरच्या सीटचा दांडा हाताखाली थरथरत राहायचा. नव्या बसला ते इंजिनच नाही. मग त्या बसमध्ये बसून टाइपरायटरवर लिहिता येईल का, हा प्रश्न डोक्यात शिरला आणि काही केल्या जाईना.

माझं मशीन आहे ऑलिव्हेट्टी लेटेरा ३२. इटलीतल्या इव्हरेआच्या या कंपनीनं ते १९६३ साली बाजारात आणलं. त्याचा आकार मार्चेल्लो निझ्झोली यांनी ठरवला. पेटीसकट वजन सहा किलोच्या आसपास. चेनची पेटी, तिला धरायला मूठ, आणि कॅरेज, म्हणजे कागद धरून डावी-उजवीकडं सरकणारा वरचा भाग, प्रवासात इकडंतिकडं धावू नये म्हणून ते अडकवून ठेवणारी कळ. म्हणजे घराबाहेर न्यायचं म्हणूनच हे बनवलेलं आहे. वार्ताहर ते घेऊन आगगाडीत, विमानतळावर, हॉटेलच्या खोल्यांत बसत. माझ्याकडं मात्र ते खिडकीजवळच्या टेबलावरच असायचं आणि मी त्यावर पोस्टकार्डं लिहायची. ही पोस्टकार्डांची गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

टायपिंग मी साताऱ्याच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, अशा शासनाच्या दोन्ही परीक्षा दिल्या. नंतर बँकेत लागले आणि काही वर्षांतच कॉम्प्युटर आले. मशीनची आवड मात्र राहिली. निवृत्तीनंतर लेटेरा हातात आलं तेव्हा ती पुन्हा वर आली. हल्ली मी दुरुस्तीचं जमेल तेवढं स्वतः करते आणि जमत नाही तिथं माणसं शोधते. ही माणसं फार थोडी उरली आहेत.

ए-११५ ही बस २१ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र. देशातली ही पहिली वातानुकूलित विजेवरची डबल डेकर. मुंबईत डबल डेकर पहिल्यांदा धावली १९३७ साली, आणि बेस्टनं बस सेवाच सुरू केली होती त्याच्या अकरा वर्षं आधी, १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. नव्या बसचं तिकीट तेव्हा पहिल्या पाच किलोमीटरना ६ रुपये होतं. लाल-काळा रंग, दोन दरवाजे, वर जायला दोन जिने. उघडणाऱ्या खिडक्या नाहीत, एवढं एक मला खटकलं. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटवर वारा खात बसणं हेच जुन्या बसचं सुख होतं. पण टाइपरायटरच्या दृष्टीनं बंद खिडकी बरी, कागद फडफडत नाही.

तयारी मी मन लावून केली. पहिली गोष्ट आवाजाची. टाइपरायटरचा आवाज मला कितीही आवडत असला तरी शेजारच्या प्रवाशानं तो का ऐकावा? बराच आवाज मशीन ज्यावर ठेवलंय त्या पृष्ठभागातून येतो. म्हणून प्लायवुडचा एक तुकडा मांडीच्या मापाचा कापून घेतला आणि त्यावर जाड फेल्ट चिकटवलं. उरलेला आवाज रोलरचा, ज्यावर कागद गुंडाळला जातो त्याचा. रोलरचं रबर वर्षांनुवर्षं हवा खाऊन कडक होतं, मग अक्षर त्यावर आपटतं तेव्हा टाळी वाजल्यासारखं ऐकू येतं. यावर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेला उपाय म्हणजे लिहायच्या कागदामागं आणखी एक कोरा कागद घालायचा. आवाज मऊ होतो, अक्षरही भरून उठतं, आणि रोलरला टाइपाचे डाग पडत नाहीत.

टाइप साफ केले, म्हणजे काड्यांच्या टोकांवरची धातूची अक्षरं. ई, ओ, ए यांची पोटं रिबनच्या शाईनं बुजतात, ती जुन्या टूथब्रशनं आणि टाचणीनं मोकळी केली. तेल फक्त कॅरेज ज्या पट्ट्यांवरून सरकतं तिथं, शिलाई मशीनचं, आणि तेही फडक्यानं पुसून जेमतेम ओल राहील इतकंच. टाइपाच्या काड्या ज्या खाचांमध्ये बसतात तिथं तेलाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला सगळं छान पळतं आणि महिन्याभरात धूळ बसून काड्या अडकायला लागतात. रिबन काळी-लाल.

कोणत्या वेळी जायचं? कोर्टकचेऱ्या चालू असलेला दिवस हवा होता, कारण बसनंतर मला किल्ला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांकडंही जायचं होतं. आणि गर्दी नको होती. म्हणून दुपारची वेळ धरली. लोकलमध्ये पेटी मांडीवरच ठेवली, वरच्या फळीवर ठेवली असती तर सबंध प्रवासभर माझी मान वर राहिली असती.

सीएसएमटीच्या स्टॉपवर बस उभीच होती. दारातच कंडक्टरनी पेटीकडं पाहिलं.

"मावशी, हार्मोनियम का?"

"टाइपरायटर आहे. वर बसून थोडं टाइप करू का? कुणाला त्रास झाला तर लगेच बंद करेन."

ते क्षणभर थांबले. "टाइप म्हणजे, आपलं कोर्टाबाहेर करतात तसं?"

"तसंच."

"करा की. पण पुढच्या सीटवर बसू नका, ब्रेक लागला तर ते काचेवर जाईल. मधे बसा."

हा सल्ला अगदी बरोबर होता. मी वरच्या मजल्यावर मधल्या भागात डावीकडं बसले. शेजारची सीट रिकामी आहे याची खात्री करून घेतली, कारण ओळीच्या सुरुवातीला कॅरेज उजवीकडं वीतभर बाहेर येतं आणि ओळ संपता संपता तितकंच डावीकडं. खिडकीला अगदी चिकटून बसलं तर ओळीच्या शेवटी ते काचेला लागेल. म्हणून दोन सीटच्या मधोमध बसले, प्लायवुड मांडीवर, त्यावर मशीन.

बस सुटली आणि मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. थरथर नाहीच. बस उभी आहे की निघाली हे बाहेर पाहिल्यावर कळावं इतकी ती हलकेच सुटली. सिग्नलला उभी असताना तर घरच्या टेबलावर बसल्यासारखं टाइप होत होतं. कळा नेहमीच्या, हात नेहमीचे, समोर फोर्टातल्या इमारतींचे दुसरे मजले. मी आधी ठरलेलं वाक्य मारलं, इंग्रजी शिकणारा प्रत्येक टायपिस्ट मारतो ते, कोल्ह्यानं आळशी कुत्र्यावरून उडी मारल्याचं, कारण त्यात सगळी अक्षरं येतात. मग बेंगळुरूला असलेल्या माझ्या बँकेतल्या मैत्रिणीला पत्र लिहायला घेतलं. ठरवलं होतं की पत्रच लिहायचं, आणि वळण आलं, ब्रेक लागला, तर कंसात तेवढं नोंदायचं.

दुसऱ्या अर्ध्या उत्तराला वेळ लागला. ते समजावं म्हणून मशीनच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगायला हवं. कॅरेजला मागं एक दोरी बांधलेली असते. ती एका डबीतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगला जोडलेली. स्प्रिंग कॅरेजला सतत डावीकडं ओढत असते आणि एक दातेरी चाक त्याला अडवून धरतं. आपण कळ दाबली की चाक एक दात सोडतं, कॅरेज एक घर सरकतं. ओळ संपली की आपण कॅरेज उजवीकडं ढकलतो, त्यात स्प्रिंग पुन्हा गुंडाळली जाते. म्हणजे उजवीकडं जायला कॅरेजला कुणाचीच अडवणूक नाही, डावीकडं जायला मात्र चाकाची परवानगी लागते.

आता बसमध्ये आपण समोर तोंड करून बसलो की हे कॅरेज बसच्या आडव्या दिशेनं धावतं. बस डावीकडं वळली की बसमधलं सगळंच उजवीकडं कलतं, आपणही आणि कॅरेजही. स्प्रिंग ओढतेय डावीकडं, वळण ढकलतंय उजवीकडं. कॅरेजला पुढच्या घरात पोचायला उशीर होतो आणि तेवढ्यात बोटानं पुढची कळ मारलेली असते. दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. उजव्या वळणाला उलट, वळण स्प्रिंगच्या बाजूनं असतं, पण दातेरी चाक धरून ठेवतं, त्यामुळं तिथं अक्षरं नीट पडत होती. त्यात आपल्याकडं वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून डावं वळण आखूड आणि उजवं लांबलचक. जे वळण मशीनला बाधतं तेच नेमकं जास्त तीव्र.

बस सुटताना अंग थोडं मागं जातं, तेव्हाची अक्षरं पुसट उठली. शिफ्ट दाबलेली असताना खड्डा आला की मोठं अक्षर ओळीच्या वर चढतं. स्पेस बारला मात्र बसचा काहीच फरक पडत नव्हता. ते का, यावर मी अजून विचार करते आहे.

पत्राची पहिली चार-पाच वाक्यं होईतो कुणी काही बोललं नाही. मग ओळ संपत आल्याची घंटी वाजली. उजव्या समासाच्या काही घरं आधी ती वाजते, शब्द पुरा करा म्हणून. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी पिशवी उचलली आणि जिन्याकडं पाहिलं.

"स्टॉप आला का हो?"

"नाही, माझ्या मशीनची घंटी आहे."

त्या परत बसल्या आणि मान लांब करून पाहू लागल्या. "माझे मिस्टर मंत्रालयात होते. त्यांच्या सेक्शनला अशी मोठी मोठी होती. संध्याकाळी काळी कव्हरं घालून ठेवायचे." मी त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी सावकाश एका बोटानं स्वतःचं नाव मारलं आणि कागद बाहेर काढून मागितला. मी त्यांना त्यांच्या नावाची पट्टी फाडून दिली. ती त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली. पत्राचा वरचा भाग त्यात गेला, पण मैत्रिणीला मी तसंच फाटकं पत्र पाठवलं, कारणासकट.

एनसीपीएला उतरून मी समुद्राकडेच्या कट्ट्यावर बसले आणि कागद वाचला. पत्र म्हणून नाही, रस्ता म्हणून. कुठं कुठं अक्षरं दाटली होती ते कंसातल्या नोंदींशी ताडून पाहिलं. डावी वळणं सगळी सापडली. पण आणखी काही जागा होत्या, जिथं कंसात काहीच नव्हतं, रस्ता सरळ होता, आणि तरी शब्दाची शेवटची अक्षरं एकमेकांत घुसली होती. या सगळ्या जागा कागदाच्या उजव्या कडेला होत्या.

परतीच्या बसमध्ये मी खालच्या मजल्यावर बसले. वर बस जास्त डोलते, खाली कमी, हे कुणालाही ठाऊक असतं, पण कागदावर ते किती दिसतं हे पाहायचं होतं. बराच फरक दिसला. वळणावरची दाटी खाली निम्म्यानं कमी झाली. उजव्या कडेची दाटी मात्र तशीच. तेव्हा ती बसची नव्हती.

किल्ला कोर्ट सीएसएमटीहून चालत जवळच आहे, आझाद मैदानाच्या अंगाला, महापालिका मार्गावर. तिथल्या फूटपाथवर नोटरी, वकिलांचे कारकून आणि टायपिस्ट यांची दुपार चाललेली असते. पूर्वी जीपीओसमोर कबुतरखान्यापाशी पत्रं लिहून देणारे बसत. घरी पैसे पाठवणाऱ्या माणसांचा मनिऑर्डरचा फॉर्म आणि खुशालीची दोन वाक्यं ते लिहून देत. मोबाइल आल्यावर ते काम गेलं. कोर्टाच्या टायपिस्टांचं काम पुष्कळ कमी झालं आहे, पण गेलेलं नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. छापील फॉर्मच्या रकान्यात नाव भरायचं, स्टॅम्प पेपरवर नेमक्या जागी मजकूर उतरवायचा, हिरव्या लेजर कागदावरच्या प्रतिज्ञापत्रात उभ्याउभ्या एक ओळ वाढवायची, तर प्रिंटरपेक्षा टाइपरायटर सोपा. कागद घाला, रोलर फिरवून ओळ जुळवा, मारा. वीज लागत नाही.

ज्या काकांकडं मी गेले त्यांची माहिती मला रिबन विकणाऱ्या दुकानदारानं दिली होती. एका टेबलावर त्यांची दोन मशीनं, एक इंग्रजी, एक मराठी, दोन्ही गोदरेजची. मी पेटी उघडली तेव्हा त्यांनी मशीनकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "आधी टाइप केलेला कागद द्या."

त्यांनी कागद उजेडात धरला, मग उलटा करून मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. "पूर्णविराम फार जोरात मारता, ताई. मागून भोक पडतंय. रोलर खराब होईल." मग सुलट करून उजव्या कडेवरून बोट खाली नेलं. "वळणाचं सोडा. हे बघा, ओळीच्या शेवटी सगळीकडं दाटतंय. स्प्रिंग थकली आहे. ओळीच्या सुरुवातीला ती पूर्ण गुंडाळलेली असते, जोर असतो. शेवटाला येईपर्यंत सैल पडते. घरी काय टाइप करता तुम्ही?"

"पोस्टकार्डं."

"मग कसं दिसेल? पोस्टकार्ड मधल्या मधे संपतं. कॅरेज टोकापर्यंत जातच नाही."

कुणी तरी आपल्या मशीनचा स्वभाव कागदावरून असा वाचून दाखवला की जो आनंद होतो तो मला शब्दांत नीट सांगता येत नाही. हे ज्ञान कुठल्याही माहितीपत्रकात या रूपात मिळत नाही. रोज दोन्ही कडांपर्यंत टाइप करणाऱ्या माणसाच्या बोटांत ते असतं. छंद म्हणून जमवणाऱ्या आम्हा लोकांकडं मशीनं चकाचक असतात, रंग, पेटी, किल्ली, सगळं, पण पानभर काम आम्ही क्वचितच करतो. मशीन काम करतंय की नाही हे काम दिल्याशिवाय कळत नाही, आणि काम देणारे या फूटपाथवर बसले आहेत.

"ताण द्यायचा, पण थोडाच," ते म्हणाले. "जास्त दिला की कॅरेज उड्या मारतं, दात सोडून पळतं. आणि परत ढकलताना तुमचं मनगट दुखेल. ओळीचं शेवटचं अक्षर सुटं पडेल एवढाच ताण पुरे." त्यांनी मशीन उलटं केलं, मागच्या अंगाला असलेल्या स्प्रिंगच्या डबीशी पेचकस लावला. मी जवळ सरकले तेव्हा त्यांनी मलाही पाहू दिलं आणि दोरीला हात लावू नका म्हणून बजावलं. दोरी एकदा सुटली की डबी गरगर फिरून सगळा ताण निघून जातो आणि मग पुन्हा ओवत बसावं लागतं.

हे चाललेलं असताना मी त्यांच्या मराठी मशीनकडं पाहत होते. त्यांनी ओळखलं. "बसा. कागद आहे त्यात."

गोदरेज आणि बॉइसनं १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. शेवटची मशीनं शिरवळच्या कारखान्यात बनली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या काळात महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, १९६४ साली, आणि सरकारी कामकाज मराठीत आणायचं तर मराठी मशीनं आणि मराठी टायपिस्ट दोन्ही लागले. गावोगावची टायपिंग इन्स्टिट्यूटं त्यातून भरली. मीही त्यातलीच एक मुलगी. सकाळी सहाच्या बॅचला आमच्या इन्स्टिट्यूटच्या जिन्यात चपलांचा ढीग असायचा.

आत्ता हात ठेवले आणि बोटं आपापल्या जागी गेली. मराठी मशीनवर टाइप करणं इंग्रजीसारखं नाही. सगळ्या मराठीसाठी नव्वदच्या आसपास खुणा, त्यात स्वर, व्यंजनं, मात्रा, आकडे, विरामचिन्हं सगळं बसवलेलं. म्हणून पुष्कळ अक्षरं अर्धीच दिलेली असतात. अर्धा श मारायचा आणि काना देऊन तो पुरा करायचा. ख, ध, भ, ण यांचंही तेच. त्यामुळं काना सर्वांत जास्त लागतो आणि तो उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळांनी खूण उमटते पण कॅरेज जागचं हलत नाही. म्हणजे चालीतच लय बदलत असते, काही कळांनंतर कॅरेज सरकतं, काहींनंतर थांबतं. हे अंगात मुरलं की 'शिक्षण' हा शब्द हाताला एका नाचासारखा लागतो. वेलांटी, अर्धा श, काना, अर्धा क्ष, काना, अर्धा ण, काना.

मी सातारा, शिक्षण, विठ्ठल असं काहीबाही मारलं. मग शब्द सुचेनात म्हणून पत्ता मारला, साताऱ्याच्या घराचा, जे आता आमचं नाही. काकांनी मान न वळवता म्हटलं, "तीसची परीक्षा दिलेली दिसते. आवाजावरून कळतं." 

ही परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते, मशीनवर नाही. त्यांच्याकडं शिकायला कुणी येतं का, असं मी विचारलं. शिकायला नाही, दुरुस्तीला आणतात कुणी कुणी, म्हणाले. त्यांनाही हे काम एका मेकॅनिकनं शिकवलं होतं, पूर्वी ऑफिसांच्या सर्व्हिसिंगचे वार्षिक करार घेऊन सायकलवर फिरणाऱ्या. मी त्यांना सांगितलं की मला शिकायचं आहे, आणि हे मी मनापासून सांगितलं. वय विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, "दुपारी तीननंतर या. सकाळी कोर्टाची गर्दी असते."

पैसे त्यांनी जे सांगितले ते दिले. मशीन घेऊन सीएसएमटीला आले. पुन्हा ए-११५, पुन्हा वरचा मजला, तीच बाजू. कंडक्टर वेगळे होते, त्यांनाही विचारून घेतलं. तीच वाक्यं त्याच क्रमानं मारली, समास तेवढेच ठेवले. सरळ रस्त्यावर ओळीचं शेवटचं अक्षर सुटं आणि स्वच्छ. डाव्या वळणाला अक्षरं अजून जवळ येतात, पण एकमेकांवर चढत नाहीत, 'आर' आणि 'ई' यांच्या मधून कागदाचा पांढरा रंग दिसतो. एका लांब उजव्या वळणाला मात्र एक घर जास्त सुटलं, जे आधी कधी झालं नव्हतं. ताण वाढवला त्याची ही किंमत. म्हणजे आत्ताचा ताण वरच्या मर्यादेला टेकलेला आहे आणि यापुढं डबीला हात लावण्यात अर्थ नाही.

एवढ्यात कॉलेजची मुलं वर चढली. त्यातल्या एकीनं विचारलं, "काकू, यात डिलीट कुठं असतं?" तिला मी काळ्या रिबनवरून लाल रिबनवर कसं जायचं ते दाखवलं आणि चुकीच्या अक्षरावर लाल एक्स मारायचा, एवढंच डिलीट आहे म्हणून सांगितलं. ती लाल एक्सच मारत बसली, ओळभर. तिच्या मित्रानं मशीनच्या बाजूला कान लावून स्प्रिंगचा आवाज ऐकला. मी पत्र पूर्ण केलंच नाही त्या फेरीत, मुलांनीच कागद भरून टाकला.

तोही कागद मी काकांना दाखवला, पुढच्या खेपेला. उजव्या वळणावरचं सुटलेलं घर त्यांना लगेच दिसलं. त्यांच्या मते दोष ताणाचा नाही, दोरीचा आहे. मूळ दोरी कधी तरी बदलून कुणी तरी नायलॉनची घातली आहे, ती ताणते, आणि वळणाला मिळालेला धक्का तिच्यात साठून एकदम सुटतो. विणलेली सुती दोरी हवी, बारीक, मेण लावलेली. तशी दोरी मिळाली की बदलणं मी करायचं आणि ते बघायचे, असं ठरलं आहे. माप घेऊन ठेवलंय. लोहार चाळीतल्या दोन दुकानांत विचारून झालं, तिसऱ्यानं नमुना आणायला सांगितलंय.